येताना वही आण

बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा देवळाच्या पायरीवर डोकं दुखून चक्कर आली म्हणून तू कठडा धरून थांबलीस आणि आईला म्हणालीस, 'काही नाही, चप्पल अडकली.' मीही असंच सांगायचे. कधी चपलेचं नाव, कधी उन्हाचं. संध्याकाळी आईने तुझी फाइल दाखवली. एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, डोळे नॉर्मल. 'बाई, सगळं नॉर्मल आहे, मग हिला होतंय तरी काय?' असं तिने विचारलं, तेव्हा तू चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घालून बसलीस. त्या मान घालण्यामुळेच हे पत्र लिहितेय.

एमआरआयमध्ये मेंदूची घडण दिसते. गाठ नाही, रक्तस्राव नाही, हे कळणं मोठंच आहे. पण मायग्रेन त्यात दिसत नाही. कान, डोळे आणि पाय मिळून शरीराचा तोल सांभाळतात, त्यांचा मेळ बिघडला तर तोही त्यात उमटत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तू खोटं बोलतेस असं होत नाही.

मला शहरातल्या एका डॉक्टरांनी फाइल मिटून 'मनाचं आहे' एवढंच सांगितलं होतं. गगनबावड्याचा घाट उतरताना एसटीच्या खिडकीला कपाळ टेकून मी रडत आले. घरी शेजारची काकी म्हणाली, 'भायरचा काय तरी असतला, एकदा कौल लावून बघा.' आईच्या समाधानासाठी तेही केलं. पुढची तीन वर्षं मी भेटेल त्याला एकच पटवत राहिले, की मला खरंच होतंय. त्यात माझी सगळी ताकद गेली. तू पटवणं सोड आणि दुखण्याची वही ठेव.

वहीत नुसतं 'डोकं दुखलं' लिहू नकोस. किती वाजता, कुठल्या बाजूला, ठणकतं की आवळल्यासारखं होतं. चक्कर म्हणजे घर फिरतं, की आपण होडीतून उतरून किनाऱ्यावर आल्यावरही पाय हलत राहतात तसं वाटतं? किती वेळ टिकतं? उजेड, आवाज, फोडणीचा वास सहन होतो का? झोप, जेवणाची वेळ, पाळीची तारीख, घेतलेली गोळी. रोज चार ओळी, बस्स. माझ्या वहीने दीड महिन्यात दोन गोष्टी दाखवल्या. श्रावणी सोमवारचा उपास सुटेपर्यंत डोकं हमखास उठायचं, कारण मी दिवसभर पाणीसुद्धा धड प्यायचे नाही. आणि डोकेदुखीची गोळी मी महिन्यातले १७ दिवस घेत होते. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर चालू राहिली, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू शकते. दोन-तीन औषधं मिसळलेल्या काही गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात. हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या गोळ्या कुणी मोजल्याच नव्हत्या. मीही नाही. मात्र गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

वही पुढे ठेवली की डॉक्टरांचे प्रश्नही बदलतात. कूस बदलताना मिनिटभरापेक्षा कमी वेळ घर गरगरत असेल, तर आतल्या कानातले बारीक खडे जागचे हललेले असू शकतात. त्यावर डोकं ठराविक पद्धतीने वळवण्याचा उपचार आहे आणि तो पुष्कळांना लगेच लागू पडतो. चक्कर पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकत असेल आणि सोबत उजेड नकोसा होत असेल, तर मायग्रेनचाच एक प्रकार असू शकतो. तीन महिन्यांहून जास्त, बहुतेक रोज तरंगल्यासारखं वाटत राहणं, उभं राहिल्यावर किंवा बाजाराच्या गर्दीत ते वाढणं, यालाही आता नाव आहे, पीपीपीडी. त्याची लक्षणं बारानी सोसायटी या चक्कर आणि तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली ठरवून दिली. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही वेळा बीपी मोजायलाही सांग. घरी मात्र एक लक्षात ठेवा. अचानक, आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखलं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा तापात मान आखडली, तर वही राहू दे, तडक दवाखाना गाठायचा.

आता साकवाचं, त्या छोट्या पुलाचं. तू कॉलेजला वरच्या रस्त्याने वळसा घालून जातेस, हे मला ठाऊक आहे. खाली पाणी धावत असतं, नजर त्यावर गेली की साकवच मागे सरकतो. मी दोन वर्षं तो वळसा घातला आणि जेवढा टाळला तेवढी भीती वाढली. मला फिजिओथेरपिस्टने एक व्यायाम दिला होता. हात लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर ठेवायची आणि डोकं हळूहळू डावीउजवीकडे वळवायचं. हळदीने पिवळं झालेलं ते नख पहिल्या दिवशी दहा वेळा वळेपर्यंत पुसट झालं, पोटात ढवळलं, मी ओट्याला टेकले. पण अंथरुण धरलं नाही. महिन्याभराने साकवाच्या अलीकडच्या टोकाला बांबूचा कठडा धरून, पलीकडच्या दगडी चिऱ्यावर नजर ठेवून वीस आकडे मोजले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी दोन पावलं. पार व्हायला गणपती उजाडले.

माझं दुखणं अजून आहे. मे महिन्यात सहा-सात दिवस जातातच. त्या दिवशी दार ओढून झोपते आणि कुणाला कारण सांगत नाही.

रविवारी ये. वही आण, चारच ओळी असल्या तरी चालेल. येताना वरच्याच रस्त्याने ये. परत जाताना साकवापर्यंत मी सोबत येईन. पाणी अजून गढूळ आहे, पण पलीकडचा तो चिरा अलीकडून स्पष्ट दिसतो.

तुझ्या बाई