‘लार्गो’ला मराठीत चौक म्हणावे का?

मडगावच्या वारसा-फेरीसाठी मराठी माहितीपत्रक तयार करणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, होली स्पिरिट इगर्जीसमोरच्या, म्हणजे चर्चसमोरच्या, ‘लार्गो दा इग्रेजा’ या जागेला मराठीत ‘चर्च चौक’ म्हणावे, ‘मैदान’ म्हणावे, की सरळ ‘प्लाझा’ लिहावे. माझे मत असे की विशेषनाम म्हणून ‘लार्गो दा इग्रेजा’ जसेच्या तसे ठेवावे आणि वर्णन करताना ‘इगर्जीसमोरचे पटांगण’ म्हणावे. ‘चौक’ अगदीच चुकीचा ठरणार नाही, परंतु त्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतीच जागा उभी राहते.

‘चौक’ हा संस्कृत ‘चतुष्क’ आणि प्राकृत ‘चउक्क’ यांच्या वाटेने आलेला शब्द आहे. त्याच्या पोटात चार हा आकडा आहे. वाड्यातला चौक चारही बाजूंनी सोप्यांनी वेढलेला असतो, रांगोळीचा चौक चार कोपरे धरून भरतात आणि रस्त्यावरचा चौक चार वाटा एकत्र आल्याने होतो. तीनच वाटा असल्या तर कोकणात आणि गोव्यात त्याला तिठा म्हणतात, इतके हे वाटांचे गणित आपल्या भाषेने काटेकोरपणे जपले आहे. आज ‘चौक’ म्हटले की मराठी वाचकाला आधी रहदारी, सिग्नल आणि वळणारी वाहने आठवतात.

‘लार्गो’चा चार या आकड्याशी काहीही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत ‘लार्गो’ हे मुळात विशेषण असून त्याचा अर्थ रुंद, ऐसपैस असा आहे; गावात घरांच्या ओळी मागे सरून जी मोकळी जागा राहते, तिला तेच नाव पडले. पोर्तुगीज ‘प्रासा’, स्पॅनिश ‘प्लाझा’ आणि इटालियन ‘पियात्सा’ हे तिन्ही शब्दही लॅटिनमार्गे ज्या ग्रीक शब्दापर्यंत पोहोचतात, त्याचा अर्थ रुंदच आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या ‘पृथु’ या शब्दाशी जोडतात. ‘पृथ्वी’ म्हणजे विस्तारलेली, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला लार्गोचा अर्थ परका वाटू नये. म्हणून मला ‘पटांगण’ जवळचे वाटते: त्यात अंगणाची आपुलकी आहे, विस्तार आहे आणि ते कोणाच्या तरी दारासमोर असते, हेही गृहीत आहे.

येथे ते दार इगर्जीचे आहे. मडगाव म्हणजे जुने मठग्राम. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील दामोदराचे देऊळ पाडून त्या जागी पहिली इगर्ज बांधली गेली आणि देव जांबावलीला नेण्यात आला. फाल्गुनातल्या जांबावलीच्या गुलालोत्सवाला मडगावकर आजही लोटतात, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे. आज दिसणारी दोन मनोऱ्यांची, चुन्याने पांढरी केलेली इमारत 1675 ची. तिच्यासमोर पटांगणाच्या मध्यावर नक्षीदार चौथऱ्यावरचा क्रूस आहे आणि कडेने जुन्या जमीनदार घराण्यांची घरे उभी आहेत. माहितीपत्रकात देवळाचा इतिहास आणि इगर्जीचे स्थापत्य या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात, असे मला मनापासून वाटते.

या पटांगणाचा खरा उपयोग पाहायचा तर इगर्जीच्या फेस्ताच्या, म्हणजे वार्षिक सणाच्या, दिवसांत जावे. पावसाळ्याच्या तोंडावर येणारे हे फेस्त ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणून ओळखले जाते. ‘पुरुमेंत’ हा पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’चा गोवेकरांनी घडवलेला अवतार, अर्थ पावसाळ्याची बेगमी. सुकी मिरची, सुकी सुंगटे (कोळंबी), खारवलेले मासे, सोले (आमसुले), चिंच, माडाचा गूळ, कांद्यांच्या माळा असे चार महिने पुरेल ते सगळे या जत्रेत मांडलेले असते. जिथे बेगमीचा बाजार भरतो, मिरवणूक फिरते आणि एरवी संध्याकाळी माणसे नुसती बसतात, अशा जागेला ‘चौक’ हा रहदारीचा शब्द अपुरा पडतो.

‘मैदान’चा विचार मात्र गंभीरपणे करायला हवा, कारण गोव्यात त्याला निराळा अर्थ मिळाला आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला मैदान म्हणजे क्रिकेट खेळता येईल एवढी जागा वाटते. पणजीचे आझाद मैदान तसे नाही. ते गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानीच्या नावाची पूर्वीची ‘प्रासा अफोन्सो द आल्बुकेर्क’ आहे, म्हणजे शहरी चौरस जागाच. तिथल्या मंडपातला आल्बुकेर्कचा पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मैदानात हुतात्म्यांचे स्मारक आहे. मडगावात 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी ज्युलियांव मिनेझिस यांच्यासह जिथे सभाबंदी मोडली, ती जागाही आज लोहिया मैदान आहे. गोव्याच्या मराठीत ‘मैदान’ला असा सभेचा आणि मुक्तिलढ्याचा वास आहे, आणि म्हणूनच तो शब्द इगर्जीपुढच्या जागेला लावू नये. एकाच शहरात दोन ‘मैदाने’ झाली तर लोहिया मैदानाचे वेगळेपण पुसट होईल.

‘प्लाझा’ तर नकोच. मराठीत त्या शब्दाने दादरचे चित्रपटगृह किंवा दुकानांची इमारत आठवते, आणि गोव्यात पणजीचे पाटो प्लाझा, जिथे कचेऱ्याच कचेऱ्या आहेत.

कोणी ‘मांड’ सुचवील. गावाने एकत्र येण्याची ठरलेली जागा या अर्थाने तो सर्वांत जवळचा आहे खरा. पण मांडावर शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या उत्सवाचे, खेळ दिवा लावून, नारळ ठेवून सुरू होतात, तिथे अनवाणी जातात. तो विधीचा शब्द आहे आणि ज्यांचा मांड आहे त्यांच्याकडेच राहू द्यावा.

राहिला प्रत्ययाचा प्रश्न. आपण चौकात उभे राहतो, पटांगणात जमतो आणि मैदानावर सभा घेतो. ‘लार्गो’ला ‘वर’ लावावे, ‘लार्गोवर फेस्त भरते’ असे लिहावे. उघड्या जागेचा भाव त्याने नीट येतो. ‘चर्च’ऐवजी ‘इगर्ज’ लिहायला अजिबात संकोचू नये, आणि सामान्यरूप ‘इगर्जी’ करावे: इगर्जीत, इगर्जीसमोर, इगर्जीचा घुमट.