मोनालिसाची कॉपी करू का?

प्रश्न : मी बारावीला आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत ए ग्रेड आहे. ऑइल पोर्ट्रेट शिकायचं म्हणून मोनालिसाची कॉपी करायला घेतली, पण चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो. अशा कॉपीचा फाइन आर्टच्या प्रवेशाला उपयोग होईल का?

उत्तर : प्रवेशाला थेट उपयोग नाही. बीएफएच्या (फाइन आर्टच्या पदवीच्या) सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन, मेमरी ड्रॉइंग आणि सामान्यज्ञान असतं, तैलरंग नसतात. परीक्षा होईपर्यंत रोजचा वेळ स्केचिंगला दे, कॉपी रविवारी कर. पोर्ट्रेट शिकायला मात्र कॉपी उत्तम, फक्त चित्र बदल. मोनालिसाच्या छटा अतिशय पातळ थरांच्या आहेत आणि त्यांवर जुनं पिवळं पडलेलं व्हार्निश आहे. नवशिक्या तो पिवळेपणाच रंगवत बसतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं इटालियन चित्रकार रॅफेलचं 'बाल्दासारे कास्तिग्लिओने' हे पोर्ट्रेट घे. साधारण १५१४-१५चं हे चित्र. रूबेन्ससारख्या मोठ्या चित्रकाराने त्याची कॉपी केली. चित्रकार रेम्ब्राँने १६३९मध्ये अॅमस्टरडॅमच्या लिलावात ते पाहून स्केच केलं. जवळजवळ सगळं चित्र करड्या-काळ्या रंगांत आहे, त्यामुळे लक्ष रंगांकडे न जाता उजेड-अंधाराकडे राहतं. मूळ माप ८२ × ६७ सेंमी. बाजारातल्या १६ × २० इंची कॅनव्हासवर ४१ × ३३.५ सेंमीची चौकट आखलीस की बरोबर निम्मं बसेल.

रंग पाचच : टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर पुसून घे. दोन दिवसांनी रेखाटन उतरवून त्याच रंगात सावल्या भर. आठवड्याने पांढरा मिसळून चेहरा, शर्ट, फर यांचा उजेड बांध. तो सुकल्यावरच रंग. पहिल्या थरांत टर्पेंटाइन, वरच्यांत थोडं थोडं लिनसीड (जवसाचं तेल) वाढवत जायचं. उलट केलंस तर वरचा थर आधी आवळतो आणि भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक हळू सुकतो, म्हणून टोपीत तो जाड थापू नकोस. पावसाळ्यात प्रत्येक थराला जास्त दिवस धर. तेल पुसलेल्या चिंध्यांचे बोळे गोळा करून ठेवू नकोस, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून टाक.

आता चेहरा खडू फासल्यासारखा का दिसतो ते. चित्रातली सर्वांत उजळ जागा कपाळ नसून छातीवरचा पांढरा शर्ट आहे. कपाळाचा उजळ भाग शर्टापेक्षा गडदच ठेव. सावलीत नुसता पांढरा-काळा वापरलास तर तो ऑकरशेजारी निळसर दिसतो आणि चेहरा आजारी वाटतो. तिथे अंबर आणि लालाचा कण घाल. मिश्रण पॅलेटवर ठरवू नकोस. चाकूच्या टोकावर घेऊन कॅनव्हासवरच्या शेजारच्या रंगाला लावून बघ. डोळे किलकिले केले की चूक लगेच दिसते.

या कामाला दोन-अडीच महिने लागतील. मागे 'रॅफेलवरून' असं लिही. पोर्टफोलिओत ती कॉपी म्हणूनच दाखव. लगेच त्याच पाच रंगांत घरातल्या कोणाचं तरी खिडकीजवळ बसवून पोर्ट्रेट कर, फोटोवरून नाही. पोर्टफोलिओत दोन्ही शेजारी लाव. कामं देणारे घरच्या पोर्ट्रेटकडेच आधी बघतील.