वायदा कोणाचा पाऊस मोजतो?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत हळद आणि सोयाबीनच्या भावाचे प्रश्न सर्वांत जास्त होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्न घेतले आहेत. वायदा म्हणजे पुढच्या एका ठरलेल्या महिन्यात द्यायच्या मालाचा आजच भाव ठरवून केलेला सौदा. हिशेबात धरलेले भाव केवळ समजण्यासाठी आहेत, ते आजचे बाजारभाव नाहीत.

प्रश्न : सप्टेंबरात आमच्याकडे अतिवृष्टी झाली. हळदीत आठवडाभर पाणी साचले, कंद सडायला लागले. तरी त्याच आठवड्यात हळदीचा वायदा उतरला. माल कमी होणार हे उघड असताना भाव पडतो कसा?
— हळद उत्पादक, कुरुंदा (ता. वसमत)

उत्तर : पहिल्यांदा एक तपासा. मोबाईलवर तुम्ही कोणत्या महिन्याचा वायदा पाहिला? अॅप उघडले की बहुतेक वेळा सर्वांत जवळचा महिना समोर येतो. सप्टेंबरात तो ऑक्टोबरचा असेल, तर तो जुन्या मालाचा भाव आहे. तुमच्या रानातली हळद निघणार जानेवारी ते मार्चमध्ये. मग शिजवणी, वाळवणी, पॉलिश. तिचा भाव एप्रिल आणि पुढच्या महिन्यांच्या वायद्यात दिसतो. ऑक्टोबर उतरला आणि एप्रिल चढला, असे एकाच दिवशी होऊ शकते.

दुसरे म्हणजे वायदा एका शिवाराचे पीक मोजत नाही. मुदतीच्या महिन्यात देशभर विकायला किती माल असेल, याचा तो अंदाज असतो. त्यात निजामाबाद, इरोड, सांगली, हिंगोली, नांदेड हे सगळे येते आणि गोदामातला शिल्लक साठाही येतो. नीट वाळवलेली हळद दोन वर्षेसुद्धा टिकते. सोयाबीन इतका धीर धरत नाही. म्हणून हळदीत एका हंगामाचे नुकसान जुन्या साठ्याने झाकले जाते. साठा आधीच आटला असेल तरच तेजी टिकते.

तिसरे कारण वेळेचे. अतिवृष्टीचा अंदाज आला तेव्हाच तेजीवाल्यांनी खरेदी केलेली असते. पाणी प्रत्यक्ष साचते तोवर ते नफा घेऊन बाहेर पडत असतात. शिवाय कंदकुजीचे खरे नुकसान काढणीपर्यंत कोणालाच नक्की सांगता येत नाही, त्यामुळे 'निम्मे पीक गेले' या पहिल्या बातमीवर मुरलेला व्यापारी फारसा विश्वास ठेवत नाही. (हा अविश्वास बऱ्याचदा बरोबरही ठरतो.)

2023 साली उलटे घडले. आधीच्या वर्षांच्या पडलेल्या भावामुळे लागवड घटली, पाऊस उशिरा आला आणि ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस झाला, 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्याच महिन्यात हळदीचा वायदा क्विंटलला 18,000 रुपयांच्या वर गेला. तेव्हा नवा एक कंदही निघालेला नव्हता. पुढच्या काही महिन्यांत त्या तेजीतला बराच भाग ओसरला. ज्याच्याकडे ऑगस्टमध्ये जुना माल होता त्याचे फावले.

आणखी एक. पाण्याने मार खाल्लेल्या हळदीची बोटे बारीक, हलकी, काळपट निघतात. वायदा ठरलेल्या प्रतीच्या मालाचा असतो. म्हणून टंचाईच्या वर्षी वायदा चढलेला दिसला तरी मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) अशा मालाला कमीच बोली लागते.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. काढणीआधीच वायद्यात हळद विकून भाव पक्का करता येतो असे सांगतात. नेमके कसे, आणि यात फसायला कुठे होते?
— अर्धापूर, जि. नांदेड

उत्तर : एनसीडीईएक्सवर (शेतमालाच्या वायद्यांचा देशातला बाजार) हळदीचा एक सौदा 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटलचा. वायदे बाजाराची सोय असलेल्या दलालाकडे कंपनीच्या नावाने खाते उघडावे लागते. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि संचालक मंडळाचा ठराव लागतो. सौद्याची पूर्ण रक्कम नव्हे, मार्जिन (अनामत) भरावे लागते.

समजा एप्रिलचा वायदा 14,000 आहे आणि वसमतच्या मोंढ्यात हजर भाव (आज माल देऊन मिळणारा) 13,400. तुम्ही 2 सौदे विकले, म्हणजे 100 क्विंटल. माल विकायच्या वेळी वायदा 12,500 वर आला आणि मोंढ्यात 11,800 मिळाले. वायद्याचा सौदा परत खरेदी करून मिटवला की क्विंटलला 1,500 सुटले. हातात पडले 11,800 अधिक 1,500, म्हणजे 13,300. भाव पडूनही जवळपास पहिलाच दर मिळाला. 100 रुपयांची तूट आली, कारण वायदा आणि मोंढा यांतला फरक 600 वरून 700 झाला. हा फरक वायद्याने बांधला जात नाही. म्हणून दर आठवड्याला दोन्ही भाव वहीत लिहून तुमच्या मोंढ्याचा फरक साधारण किती राहतो हे आधी पाहा. सहा महिन्यांची अशी वही नसेल तर सौदा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता फसण्याची ठिकाणे.

सर्वांत मोठी चूक अंदाजी पीक सगळे विकण्याची. दहा एकरांत वाळलेली 250 क्विंटल हळद येईल म्हणून 5 सौदे विकले आणि अतिवृष्टीने 120 क्विंटलच हाती आली, तर 130 क्विंटल तुम्ही नसलेला माल विकलेला आहे. ज्या पावसाने पीक नेले त्याच पावसाने भाव चढवला असेल, म्हणजे मार दोन्हीकडून. पाऊस पूर्ण जाईपर्यंत अंदाजी उत्पादनाच्या 40 टक्क्यांपुढे जाऊ नका. ओली हळद धरून हिशेब करणारेही चुकतात. 100 क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण 20 ते 25 क्विंटल उरते.

दुसरी अडचण रोकड. सौदा विकल्यावर भाव 1,000 ने चढला, तर दर सौद्यामागे 50,000 रुपये लगेच भरावे लागतात. पुढे मोंढ्यात ते वसूल होतीलही, पण पैसे आज हवेत. न भरल्यास दलाल सौदा तोडतो. अनेकदा तो नेमका शिखरावर तुटतो. मार्जिनइतकीच आणखी रक्कम बाजूला असावी.

तिसरे, मुदत. एनसीडीईएक्सचे वायदे साधारणपणे महिन्याच्या 20 तारखेला संपतात आणि हळदीत माल देणे-घेणे सक्तीचे असते. शेवटच्या दिवसांत मार्जिनही वाढते. मान्यताप्राप्त गोदामात, ठरलेल्या प्रतीचा माल टाकायची तयारी नसेल, तर मुदतीच्या आधीच्या महिनाअखेरीस सौदा मिटवा.

जूनचा वायदा एप्रिलपेक्षा 300 ने वर दिसला की काहींना तेजी वाटते. 14,000 वर वर्षाला 12 टक्के व्याज म्हणजे महिन्याला 140. दोन महिन्यांचे 280, वर गोदामभाडे. ते 300 रुपये माल सांभाळण्याच्या खर्चाचे आहेत.

प्रश्न : सोयाबीनचा वायदा मोबाईलवर दिसतच नाही. मग भावाचा अंदाज कशावरून घ्यायचा? शिकागोचा भाव पाहून उपयोग होतो का?
— औसा, जि. लातूर

उत्तर : डिसेंबर 2021 मध्ये सेबीने (शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सात शेतमालांचे वायदे थांबवले : साधे भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. मार्च 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत नेली. तुरीचा वायदा तर 2007 पासून बंद. म्हणजे त्या मुदतीपर्यंत तरी लातूरच्या दोन मुख्य पिकांना आपला वायदा नाही.

शिकागोच्या (अमेरिका) वायदे बाजारातला भाव सेंट प्रति बुशेल असतो. सोयाबीनचा बुशेल 27.2 किलोचा. सोपे सूत्र : डॉलर प्रति बुशेल गुणिले 3.674 गुणिले रुपयाचा दर, म्हणजे रुपये प्रति क्विंटल. शिकागोत 1,050 सेंट (10.50 डॉलर) आणि डॉलर 85 रुपये धरला तर सुमारे 3,280 रुपये. हा आकडा मोंढ्यातल्या भावाशी थेट जोडू नका, कारण तिथले सोयाबीन जीएम (जनुकीय बदल केलेले) आहे आणि दाणा म्हणून ते आपल्याकडे येत नाही. तेल मात्र येते. म्हणून आपला भाव दाण्यापेक्षा तेल आणि पेंड यांवर काढावा.

एका क्विंटलमधून सुमारे 18 किलो तेल आणि 82 किलो पेंड धरा. तेल 120 रुपये किलो, तर 2,160. पेंड 34,000 रुपये टन, तर 2,788. बेरीज 4,948. गाळप, वाहतूक, हमाली आणि नफा असे 300 वजा केले की कारखान्याला 4,650 च्या आसपास परवडते. तेल किलोमागे 10 रुपयांनी हलले तर सोयाबीन 180 ने हलते. पेंड टनामागे 1,000 ने हलली तर फक्त 82 ने. तरीही अलीकडच्या मंदीत पेंडीचा हात मोठा आहे, कारण इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा स्वस्त चोथा पशुखाद्यात तिची जागा घेतो.

हवामान पाहायचे ते तीन ठिकाणचे. अमेरिकेत ऑगस्ट, कारण तेव्हा शेंगा भरतात. ब्राझीलमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी. मलेशियात नोव्हेंबर ते जानेवारीचा पूर, ज्याने पामतेलाच्या फळांची तोडणी अडते. चौथी गोष्ट हवामान नव्हे, पण सगळ्यांवर भारी : आयात शुल्क. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले, मे 2025 अखेर ते 10 वर आले. ऐन काढणीतला पाऊस मात्र भावापेक्षा वजन जास्त कापतो. 16 टक्के ओलाव्याचे 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर आणले की 95.5 किलो उरते. व्यापारी त्यापेक्षा जास्त कटती (वजनातली कपात) लावत असेल, तर ताडपत्रीवर वाळवून दोन दिवसांनी आणलेले बरे.

प्रश्न : एल निनोची बातमी आली की माल धरून ठेवावा का?
— सेलू, जि. परभणी

उत्तर : फक्त त्या बातमीवर नाही. 2009 मध्ये एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी तापणे, ज्याने आपला पाऊस बऱ्याचदा घटतो) होता, देशात पाऊस सरासरीच्या 78 टक्के. 2015 मध्ये 86 टक्के. पण 1997 चा एल निनो त्यांच्याइतका किंवा जास्तच जोरकस असूनही पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच झाला. बातमी पेपरात येईपर्यंत वायद्यात तिचा भाव धरलेला असतो. धरायचाच असेल तर हळदीसारखा टिकणारा माल, तोही कर्ज नसलेला आणि एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. जुलै-ऑगस्टचा पाऊस पाहून पुढचे ठरवा.