मॉलमधला सिक्युरिटी गार्ड आपल्याला अडवून खोलीत बसवून ठेवू शकतो का?

एक अपवाद सोडला तर नाही. अंगावर गणवेश असला तरी कायद्याच्या लेखी गार्ड हा तुमच्याआमच्यासारखाच खाजगी माणूस. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला, गार्डला 18 ते 65 ही वयाची अट घातली, पण पोलिसाचा एकही अधिकार दिला नाही. उलट पोलिसासारखा गणवेश घातला तर गार्ड आणि एजन्सीमालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. (विमानतळावरचे सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान वेगळे, त्यांना अटकेचा अधिकार आहे.)

गार्डकडे असते ती फक्त जागामालकाची मुभा. तो बॅग दाखवायला सांगेल. नाही दाखवली तर आत सोडणार नाही. तुमच्या संमतीशिवाय बॅगेत हात घालणं किंवा खिसे चाचपणं त्यात बसत नाही. बाहेरच्या सार्वजनिक फुटपाथवर तर ही मुभाही संपते.

आता अपवाद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम 40 कुठल्याही नागरिकाला अटक करू देतं, पण गुन्हा त्याच्यासमक्ष घडलेला हवा आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा), दोन्ही हवा. (फरारी घोषित केलेला गुन्हेगारही असा पकडता येतो.) पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सहा तास ही कमाल मर्यादा आहे, चौकशीसाठी मिळालेली सवड नव्हे.

गार्ड चुकतात ते इथेच. दारातलं यंत्र वाजलं म्हणजे चोरी डोळ्यांसमोर झाली असं होत नाही. बऱ्याचदा काउंटरवरच टॅग काढायचा राहिलेला असतो. नंतर फुटेज पाहून आलेला संशयही 'समक्ष' नव्हे. साधी घुसखोरी जामीनपात्र आहे, म्हणून तिथे बाहेर काढणं आणि पोलिसांना फोन करणं एवढंच हातात. चोरी एरवी अजामीनपात्र, पण वस्तू 5,000 रुपयांच्या आतली असेल, ती परत केली असेल आणि पहिलाच गुन्हा असेल, तर शिक्षा समाजसेवेची आणि गुन्हा अदखलपात्र. किरकोळ वस्तूवरून कुणाला धरून ठेवणं त्यामुळे गार्डच्याच अंगाशी येऊ शकतं.

बेकायदा अडवलं तर भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम 126 लागतं: एक महिन्यापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोलीत डांबलं तर कलम 127, कैद एक वर्षापर्यंत. 'दहापट दंड भरा' ही पाटी निव्वळ दमबाजी. दंड लावायचा अधिकार दुकानाला नाही. धमकावून पैसे उकळले तर प्रकरण खंडणीत जातं.

अडवलंच तर हातापायी करू नका. 'मला कोणत्या गुन्ह्यासाठी धरलंय? पोलिसांना बोलवा' एवढं मोठ्याने म्हणा आणि स्वतः 112 लावा. माफीनामा लिहून देऊ नका. पुढे तोच कबुली म्हणून दाखवतात. ओळखपत्रावरून गार्डचं आणि एजन्सीचं नाव टिपून घ्या, आणि त्याच दिवशी मॉलच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा की त्या वेळचं फुटेज जपून ठेवा. काही दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.