'अपेटायझिंग' हे विशेषण दुकानाचं नाव कसं झालं?

प्रश्न असा आलाय की न्यूयॉर्कमधे ज्यूइश खाण्याच्या एका दुकानाला 'डेली' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अपेटायझिंग', तर अपेटायझिंग (म्हणजे भूक चाळवणारं) हे विशेषण ना, मग ते एकटंच कसं काय वापरतात?

विशेषणच आहे, पण तिथे त्याचं नाम झालंय, आपण नाही का विचारत "आज जेवणात गोड काय?", तसंच. आणि हे दोन शब्द समानार्थी नाहीत हं. कोशर म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या धार्मिक नियमात मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही, म्हणून दुकानंच वेगळी झाली. (आपल्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालतात ते याच नियमामुळे.) मासा मात्र मांसात धरत नाहीत, त्यामुळे बेगल म्हणजे कड्यासारखा गोल पाव, क्रीम चीज, त्यावर लॉक्स म्हणजे खारवलेला सामन, हे सगळं अपेटायझिंगवाल्याकडे. 'रस अँड डॉटर्स' हे त्यातलं नावाजलेलं दुकान, 1914 पासूनचं, आणि 'अँड सन्स'च्या जमान्यात मालकाने मुलींना भागीदार करून पाटीवर आणलं हे मला फार आवडतं.

डेलीत मांस. 1888 पासून चालू असलेल्या 'कॅट्झ'मधलं पास्त्रामी घ्या, बीफ आधी मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात मुरवायचं, मग वरून मिरी-धने चोळून धुरावायचं आणि शेवटी वाफवायचं, की सुरीने कापताना सुटं व्हायला लागतं, मग राय नावाच्या धान्याचा ब्रेड, मोहरी, बास. हा पदार्थ रुमानियन ज्यूंबरोबर आला, तिकडे शब्द 'पास्त्रामा', शेवटचा 'मी' बहुतेक सलामीच्या नादाने लागला असावा. आणि डेलीचं पूर्ण रूप 'डेलिकटेसन', त्यात जर्मन 'एसेन' म्हणजे खाणं आहे असं बरेच जण सांगतात, ते चूक, तो फ्रेंचमधून जर्मनमधे गेलेल्या 'डेलिकाटेस'चा साधा अनेकवचनी प्रत्यय आहे.

आता सगळा घोळ झालाय. रुबेन सँडविचमधे कॉर्न्ड बीफवर, म्हणजे खारवलेल्या बीफवर, सरळ चीज घालतात, म्हणजे नियमच मोडला, तरी ते डेलीचंच खाणं समजलं जातं आणि अशा ठिकाणांसाठी 'कोशर-स्टाइल' असा शब्द निघालाय, म्हणजे चव तीच पण कोशर असेलच असं नाही. न्यूयॉर्कात तर कोपऱ्यावरच्या दूध-सिगरेटवाल्या दुकानालाही डेलीच म्हणतात, आणि बेगल-लॉक्स आता डेलीतही मिळतं, त्यामुळे अपेटायझिंग हा शब्द तिथल्या तरुण मंडळींनाही समजावून सांगावा लागतो.