रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

भाऊ, नागपुरातल्या कॉलेजांसाठी मूल्यमापनाचं सॉफ्टवेअर करताय, तर डॅशबोर्ड मागाहून. आधी उपप्रश्ननिहाय गुण साठवा आणि प्रत्येकाला त्याचा कोर्स आउटकम (त्या विषयातून विद्यार्थ्याला काय यायला हवं ते) जोडा. नुसत्या बेरजेतून आउटकम निघत नाही.

खरा घोळ वैकल्पिक प्रश्नांत होतो. समजा वर्गात 60 जण, प्रश्न सोडवला 50 जणांनी, ठरलेल्या गुणांचं लक्ष्य गाठलं 35 जणांनी: साध्यता, म्हणजे लक्ष्य गाठणाऱ्यांचं प्रमाण, 70 टक्के. उरलेल्या 10 जणांना शून्य धरलं की ती 58 वर येते. विभागाच्या पातळी 1, 2, 3 साठीच्या पायऱ्या 50, 60, 70 टक्के असतील तर पातळी 3 वरून थेट 1. म्हणून ‘सोडवला नाही’, ‘गैरहजर’ आणि ‘शून्य’ या नोंदी वेगळ्याच ठेवा.

पायऱ्या कोडमध्ये लिहू नका, वर्षनिहाय तक्त्यात ठेवा; नाहीतर यंदाच्या बदलाने जुने अहवालही बदलतात.