भेट आलेले पुस्तक आणि वाचकाचा विश्वास

प्रश्न : आर्णी तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. शाळेत मला शिकवलेल्या गुरुजींनी आपले आत्मकथन स्वखर्चाने छापले असून त्याच्या काही प्रती वाचनालयाला भेट दिल्या आहेत. येईल त्या वाचकाला हे पुस्तक सुचवावे, असा त्यांचा आग्रह आहे. सुरुवातीची प्रकरणे मला आवडली, पुढचा भाग मात्र कंटाळवाणा वाटला. शिवाय सगळी पुस्तके वाचून होत नाहीत, म्हणून शेतीची पुस्तके मी न वाचताच ‘चांगले आहे’ असे सांगून देते. माझे काही चुकते आहे का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : गुरुजींचे पुस्तक आपण अवश्य सुचवावे, मात्र ते आपल्या गुरुजींचे आहे आणि भेट म्हणून आले आहे, हे सांगूनच सुचवावे. गावात हे सर्वांना ठाऊक असते, असे आपण म्हणाल. पण ठाऊक असलेली गोष्ट आपल्या तोंडून ऐकली, की वाचक आपल्या मताचे वजन स्वतः ठरवू शकतो. जे आवडले तेही नेमके सांगावे. ‘शाळेची आणि कापूस वेचणीची प्रकरणे मन लावून वाचा, बदल्यांचा भाग संथ आहे’ एवढे सांगितले, तरी दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला पुस्तक कुठून उघडावे आणि कुठे सोडून द्यावे, हे कळते. तिचा वाचनाचा वेळ थोडा आहे आणि तो ती आपल्या शब्दावर खर्च करते.

शेतीच्या पुस्तकांची गोष्ट अधिक गंभीर आहे आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. कादंबरी आवडली नाही तर एक संध्याकाळ वाया जाते. कीटकनाशकाचा जुना सल्ला मात्र पिकाच्या आणि माणसाच्याही जिवावर बेतू शकतो. एन्डोसल्फान या कीटकनाशकाच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर बंदी घातली, तरी त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांत त्याच्या फवारणीची मात्रा आजही वाचायला मिळू शकते. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक असे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे अनेकांना वाटले. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला मी सांगायला नको. अशा ठिकाणी न वाचता ‘चांगले आहे’ म्हणणे मला मान्य नाही.

यासाठी प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचण्याची गरज नाही. आतील पानावरील प्रकाशनाचे वर्ष पाहावे, आणि पुनर्मुद्रण म्हणजे सुधारित आवृत्ती नव्हे, हेही ध्यानात ठेवावे, कारण नव्या मुखपृष्ठाखाली बरेचदा जुनाच मजकूर असतो. वाचकाला मोकळेपणाने सांगावे, ‘मी हे वाचलेले नाही, पुस्तक अमुक सालचे आहे, फवारणीपूर्वी कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.’ अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या ताज्या शिफारशी मिळवून त्याच कपाटात ठेवता आल्या, तर फारच उत्तम. शेणखताविषयीच्या पुस्तकांना एवढी कडक तपासणी नको.

राहिला प्रश्न गुरुजींचा. वाचक आपल्या पुस्तकाविषयी काय म्हणतात, हे ऐकण्याची ओढ त्यांना असणारच. वाचनालयात एक वही ठेवून वाचकांचे अभिप्राय त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत आणि ती वही गुरुजींना वाचायला द्यावी. आपले मतही त्यांना एकांतात, आदराने आणि नेमके सांगावे : कोणते प्रकरण आवडले आणि कोणते आटोपशीर हवे होते. दुसरी आवृत्ती काढायची झाली, तर ते त्यांच्या उपयोगी पडेल.